‘उद्या’ जुना झाला म्हणून पाडायचा का?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

जगातील मनोरंजन उद्यानांवरचा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. लेखकाने परिश्रमपूर्वक माहिती जमवली आहे, याबद्दल शंका नाही. तथापि कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडविषयी लिहिताना त्यांनी ‘टुमॉरोलँड’ (‘उद्याची भूमी’) हा भविष्यकाळ दाखवणारा विभाग ‘कालबाह्य’ या एका शब्दात निकालात काढला आहे आणि तो पाडून तेथे नव्या चित्रपटांवर बेतलेले खेळ उभारावेत, असे सुचवले आहे. मी १९८८ पासून, डिस्नेलँड ज्या शहरात आहे त्या ॲनाहाइमजवळच्याच एका गावात राहतो. या विभागात मी प्रथम आईला घेऊन गेलो, मग मुलांना आणि आता नातीला घेऊन जातो. त्यामुळे हा शब्द मला लागला, हे मान्य करूनच पुढचे लिहीत आहे.

डिस्नेलँड १७ जुलै १९५५ रोजी संत्र्यांच्या आणि अक्रोडांच्या बागा काढून मोकळ्या केलेल्या जमिनीवर सुरू झाले, तेव्हा टुमॉरोलँड हा त्यातला सर्वांत अपुरा विभाग होता. पैसे आणि वेळ दोन्ही संपत आले होते आणि रिकाम्या जागा भरण्यासाठी रसायने, ॲल्युमिनियम अशा उद्योगांतील कंपन्यांची प्रदर्शने मांडावी लागली. तरीही मांडणीमागचा विचार स्पष्ट होता. हा विभाग १९८६ सालातला, म्हणजे हॅलेचा धूमकेतू परत येईल त्या वर्षातला, असे तेव्हा सांगितले गेले. उद्घाटनाच्या मजकुरात अणुयुग, अंतराळाचे आव्हान आणि शांततेने एकत्र नांदणाऱ्या जगाची आशा असे तीन शब्दप्रयोग होते. महायुद्ध संपून दहा वर्षे झाली होती आणि शीतयुद्ध ऐन भरात होते. अशा वेळी यातला तिसरा शब्दप्रयोग लिहिणाऱ्यांविषयी मला आदर वाटतो.

भविष्य दाखवणारी कोणतीही जागा जुनी होणारच, हा लेखकाचा मुद्दा खरा आहे. चंद्रावर नेणाऱ्या अग्निबाणाचा जो खेळ येथे १९५५ मध्ये होता, त्यालाही हे भोगावे लागले. १९६९ मध्ये माणूस खरोखरच चंद्रावर उतरला आणि १९७५ मध्ये त्याच इमारतीतला प्रवास मंगळाकडे वळवावा लागला; तोही १९९२ मध्ये बंद झाला आणि १९९८ पासून तेथे पिझ्झाचे उपाहारगृह आहे. १९५७ मध्ये एका रसायन कंपनीने येथे प्लास्टिकचे घर उभारले होते. त्यातली मायक्रोवेव्ह भट्टी पाहायला लोक रांगा लावत. दहा वर्षांनी ते घर पाडायचे ठरले, तेव्हा पाडकामाचा लोखंडी गोळा त्याच्या भिंतींवर आपटून परत येऊ लागला आणि एका दिवसाच्या कामाला दोन आठवडे लागले. घराचा पाया आजही तेथे आहे आणि त्यावर झाडे लावलेली आहेत.

असे असूनही ‘जुने झाले’ आणि ‘निरर्थक झाले’ या दोन गोष्टी एक नव्हेत. हा फरक मला आईमुळे कळला.

१९६७ मध्ये हा विभाग जवळजवळ नव्याने बांधला गेला. तेव्हा त्याची मध्यवर्ती कल्पना ‘गती’ ही होती आणि तिचे सर्वांत सुंदर रूप म्हणजे ‘पीपलमूव्हर’ नावाची उंचावरून धावणारी छोटी गाडी. तिच्या डब्यांना स्वतःचे इंजिन नव्हते. मार्गात ठरावीक अंतरावर बसवलेली, विजेवर फिरणारी रबरी चाके डब्यांना खालून पुढे ढकलत राहत. गाडी थांबतच नसे. फिरत्या चबुतऱ्यावर उभे राहायचे आणि त्याच वेगाने सरकणाऱ्या डब्यात बसायचे. १९९१ च्या उन्हाळ्यात माझी आई साताऱ्याहून आली होती. तिचे दोन्ही गुडघे दुखत, नऊवारी नेसलेली, आणि आयुष्यात प्रथमच परदेशी आलेली. दुपारपर्यंत ती इतकी थकली की एका बाकावर बसून राहिली. सरकत्या पट्ट्यावरून आम्ही तिला वर नेले आणि गाडीत बसवले. पुढची सोळा मिनिटे ती त्या अख्ख्या विभागावरून, इमारतींच्या आतून, ‘स्पेस माउंटन’ या अंधारात वेगाने धावणाऱ्या गाडीच्या खेळाच्या इमारतीतून सावकाश फिरली. त्या अंधारात मुलांचा आरडाओरडा तेवढा ऐकू येत होता. खाली उतरल्यावर तिने विचारले, “अशी गाडी आपल्याकडे दादरला का करत नाहीत?”

या प्रश्नाचे उत्तर तेव्हा माझ्याकडे नव्हते. पण टुमॉरोलँड ज्यासाठी बांधले गेले ते काम त्या दिवशी झाले होते. साताऱ्याहून आलेल्या एका बाईच्या मनात आपल्या शहराविषयी एक प्रश्न निर्माण झाला होता. वॉल्ट डिस्ने यांनी फ्लोरिडात जे नवे नगर वसवण्याचे योजले होते, त्यातही हीच गाडी लोकांच्या रोजच्या येण्याजाण्यासाठी असणार होती. ते १९६६ च्या डिसेंबरात गेले आणि ते नगर कागदावरच राहिले. तरीही याच तंत्राच्या पुढच्या आवृत्तीवर चालणारी गाडी १९८१ मध्ये ह्यूस्टनच्या विमानतळावर प्रवाशांसाठी बसवली गेली. डिस्नेलँडमधील मोनोरेल १९५९ ची. मुंबईत वडाळा ते चेंबूर अशी मोनोरेल धावू लागली ती २०१४ मध्ये, म्हणजे पंचावन्न वर्षांनी. जे भविष्य अजून बहुतेकांच्या वाट्याला आलेलेच नाही, त्याला कालबाह्य कसे म्हणावे?

आता या गाडीचे पुढे काय झाले, तेही सांगायला हवे, कारण लेखात त्याचा उल्लेख नाही आणि माझ्या मते सारा वाद तेथेच आहे. पीपलमूव्हर १९९५ च्या ऑगस्टमध्ये बंद करण्यात आली. तिच्याच मार्गावर १९९८ मध्ये ‘रॉकेट रॉड्स’ नावाची वेगवान गाडी आली. सोळा मिनिटांचा प्रवास तीन मिनिटांवर आला. परंतु संथ गाडीसाठी बांधलेल्या त्या मार्गाच्या वळणांना वेगाला लागणारा आतल्या बाजूचा कल नव्हता आणि तो देण्याइतका पैसा उभा राहिला नाही. परिणामी गाडी प्रत्येक सरळ टप्प्यावर वेग घेई आणि प्रत्येक वळणाआधी तो टाकून देई. टायर झिजत, यंत्रणा बिघडे, रांगेतील लोक ताटकळत. सप्टेंबर २००० मध्ये तीही थांबली, ती कायमची. तेव्हापासून तो उंच मार्ग तसाच रिकामा उभा आहे. आज टुमॉरोलँड जुनाट दिसते ते १९६७ च्या कल्पनांमुळे नव्हे, तर डोक्यावरून जाणाऱ्या या रिकाम्या मार्गामुळे, असे माझे ठाम मत आहे. नातीने मागच्या खेपेला वर बोट दाखवून “यावरून काय जातं?” असे विचारले, तेव्हा मला खरोखर वाईट वाटले.

१९९८ च्या त्या बदलांचाच अनुभव लेखकाच्या सूचनेविरुद्ध सर्वांत मोठा पुरावा आहे. विभाग पुन्हा जुना होऊ नये म्हणून त्या वेळी भविष्य दाखवण्याचा प्रयत्नच सोडून देण्यात आला आणि एकोणिसाव्या शतकात कल्पिलेल्या भविष्याचा साज चढवण्यात आला. ही कल्पना पॅरिसजवळच्या उद्यानात १९९२ मध्ये उत्तम साधली होती, कारण तेथील तो विभाग फ्रेंच विज्ञानकथाकार ज्यूल व्हर्नच्या कल्पनाविश्वावरून पहिल्या विटेपासून तसाच रचलेला आहे. ॲनाहाइममध्ये मात्र १९६७ च्या स्वच्छ पांढऱ्या इमारतींवर तांब्याचा आणि सोन्याचा रंग फासण्यात आला. स्पेस माउंटनचा शुभ्र शंकूसुद्धा त्यातून सुटला नाही. सात वर्षांत त्याला पुन्हा पांढरा रंग द्यावा लागला. जुना होऊ नये म्हणून केलेला बदल सर्वांत लवकर जुना झाला. त्या बदलातली एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडते. बागांतून शोभेच्या झाडांऐवजी संत्री, भाज्या, औषधी वनस्पती लावण्यात आल्या. जेथे संत्र्याच्या बागा होत्या तेथे भविष्य म्हणून पुन्हा संत्र्याचे झाड लावणे, यात विचार होता.

बदल हवाच असे म्हणणाऱ्यांची बाजू मला समजते. जागा मर्यादित आहे, मुलांना ओळखीची पात्रे हवी असतात आणि स्वतः वॉल्ट डिस्ने हे उद्यान कधीच पूर्ण होणार नाही असे सांगत. टोकियोच्या उद्यानाने आपले १९८३ चे स्पेस माउंटन २०२४ च्या जुलैअखेर बंद करून ते नव्याने बांधायला घेतले आहे. पण टोकियोत अंतराळाच्या जागी अंतराळच येणार आहे. लेखक सुचवतात त्यात भविष्याचा विषयच नाहीसा होतो. चित्रपटांसाठी या उद्यानात अन्यत्र भरपूर जागा दिलेली आहे. विज्ञानासाठी एवढा एकच कोपरा आहे. आणि एकदा पाडलेले परत येत नाही, हे आपण भारतीयांना वेगळे सांगायला नको. दिल्लीच्या प्रगती मैदानातील १९७२ चा ‘हॉल ऑफ नेशन्स’ हा प्रदर्शनांचा हॉलही एका तरुण देशाने पाहिलेल्या भविष्याचा नमुना होता. तो जुना म्हणून जपावा इतके त्याचे वय झालेले नाही, असे सांगितले गेले आणि २०१७ च्या एप्रिलमध्ये तो जमीनदोस्त झाला.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की टुमॉरोलँडची १९६७ ची चौकट जपावी आणि तिच्यातला मजकूर मात्र निःसंकोच बदलावा. पीपलमूव्हर पुन्हा सुरू करावी. आजच्या सुरक्षा नियमांसाठी मार्गाला कठडे आणि उतरण्याची वाट लागेल, खांब बळकट करावे लागतील, हे मी धरून चाललो आहे; तरीही फ्लोरिडातील डिस्नेच्या उद्यानातली तिची बहीण १९७५ पासून आजही प्रवासी नेते, म्हणजे लोकांना संथ गाडी नको आहे असे नाही. ‘ऑटोपिया’ या छोट्या मोटारी चालवण्याच्या खेळातील मोटारींची पेट्रोल इंजिने काढून त्या विजेवर आणण्याचे कंपनीने २०२४ मध्ये जाहीर केले, हा निर्णय मला फार महत्त्वाचा वाटतो. महामार्गांचा राष्ट्रीय कायदा होण्याच्या आदल्याच वर्षी, १९५५ मध्ये, ज्या खेळाने अमेरिकेला अनेकपदरी रस्त्यांचे स्वप्न दाखवले, तो धूर न सोडता पुढे चालू राहणार असेल, तर जपणे आणि बदलणे एकाच वेळी शक्य आहे हे सिद्धच होते. १९६७ मध्ये जेथे प्रेक्षकांसह फिरणारे नाट्यगृह होते, ती गोल इमारत १९८८ ते १९९८ अशी दहा वर्षे प्रेक्षकांना बंद होती आणि २०१५ नंतर तेथे चित्रपटांशी निगडित प्रदर्शने भरली. मंगळावर गाड्या उतरवणारी प्रयोगशाळा पॅसाडीनात, येथून तासाभराच्या अंतरावर आहे. तेथे रोज जे घडते ते या गोल इमारतीत मुलांना का दाखवता येऊ नये? १९५५ मध्ये डिस्नेंच्या अंतराळविषयक दूरचित्रवाणी कार्यक्रमांसाठी व्हर्नर फॉन ब्राउन यांच्यासारखे अग्निबाणतज्ज्ञ सल्ला देत होते. ती परंपरा येथलीच आहे.

ॲनाहाइमच्या नगरपरिषदेने २०२४ च्या मे महिन्यात उद्यानाच्या विस्ताराला परवानगी दिली आणि कंपनीने दहा वर्षांत किमान एक अब्ज नव्वद कोटी डॉलर गुंतवण्याचे मान्य केले. टुमॉरोलँडचे काय करायचे, हे ठरवण्याची वेळ आता फार दूर नाही.

आपल्या वाचकांपैकी कितीतरी कुटुंबे मे-जूनमध्ये मुलांकडे येतात आणि एक दिवस डिस्नेलँडला जातात. त्यांना माझी विनंती आहे की मोनोरेलने टुमॉरोलँडमध्ये उतरावे, वर पाहावे आणि तो रिकामा मार्ग कोठून कोठे जातो ते डोळ्यांनी शोधावे. प्रवेशद्वाराजवळ मेन स्ट्रीटवर ‘सिटी हॉल’ नावाची छोटी इमारत आहे. तेथे पाहुण्यांचे अभिप्राय नोंदवून घेतात. मी माझा अभिप्राय नोंदवला आहे आणि त्यात आईचा दादरविषयीचा प्रश्नही लिहिला आहे.

आपला नम्र,
एक वाचक
ऑरेंज काउंटी, कॅलिफोर्निया