फसवणुकीच्या बातमीत नेमकं कसं फसवलं तेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑनलाईन बँकिंगमधल्या फसवणुकीच्या बातम्या सारख्या येतात, पण त्यात किती रक्कम गेली ते ठळक असतं आणि गेली कशी ते 'भामट्यांनी विश्वास संपादन करून' एवढ्यात उरकलेलं असतं. अहो, तो विश्वास संपादन कसा केला तेच तर वाचणाऱ्याला कळायला हवं.

ओटीपी कुणाला सांगू नका हे आता सगळ्यांना पाठ झालंय आणि चोरांनाही ते माहीत आहे, त्यामुळे बरेच जण आता ओटीपी मागतच नाहीत. केवायसी राहिलंय, खातं आज बंद पडेल असं घाबरवायचं आणि मदत करतो म्हणत एक अ‍ॅप टाकायला लावायचं, त्यातून स्क्रीन शेअर झाली की ओटीपीचा मेसेज आपल्याबरोबर त्यांनाही दिसतो, आपण तोंडातून अक्षर काढायची गरज नाही. नाहीतर लिंकवरून घेतलेलं अ‍ॅप मेसेज वाचायची परवानगी मागतं आणि आपण घाईत देऊन टाकतो. काही जण स्टारने सुरू होणारा कोड डायल करायला सांगतात, त्याने आपले कॉल त्यांच्याकडे वळतात आणि मग बँकेने खात्रीसाठी केलेला फोनही तेच उचलतात!

नंबर ओळखीचा दिसला म्हणून पण विश्वास ठेवू नये, कारण स्क्रीनवर दिसणारा नंबर बनवता येतो. खोटा मेसेजसुद्धा बँकेच्या खऱ्या मेसेजच्या खालीच येऊन बसू शकतो, कारण फोन फक्त पाठवणाऱ्याचं नाव बघून मेसेज एकत्र लावतो. लिंकचं म्हणाल तर तिच्या सुरुवातीला बँकेचं नाव कितीही वेळा असू दे, त्याला अर्थ नाही, https:// नंतरच्या पहिल्या तिरप्या रेघेच्या (/) आधी अगदी शेवटी डॉट कॉम, डॉट इन, डॉट को डॉट इन असं जे असतं, त्याच्या लगेच अलीकडे जे नाव असतं ती साईट त्याची. आणि साईटच्या पत्त्याशेजारी कुलुपाचं चिन्ह दिसलं म्हणजे साईट खरी असं अजूनही सांगतात, ते साफ चूक आहे. कुलूप म्हणजे मधल्या मधे कोणी वाचत नाही इतकंच, पलीकडे बँक आहे का चोर ते त्यावरून कळत नाही, लोकांचा हाच गैरसमज होतो म्हणून गूगलने २०२३ मध्ये आपल्या क्रोम ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारचं ते चिन्ह काढून टाकलं.

असा फोन आला की सरळ कट करावा आणि कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर आपण स्वतः फोन करून विचारावं. नेटवर हेल्पलाईन शोधत बसू नये, तिथेही खोटे नंबर पेरलेले असतात.

माझी विनंती एवढीच की अशा प्रत्येक बातमीखाली एक छोटी चौकट द्या, युक्ती काय होती, कुठल्या पायरीवर थांबता आलं असतं आणि पैसे गेल्यावर पहिला फोन कुणाला करायचा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात भराभर फिरवले जातात त्यामुळे बँकेला लगेच कळवलं तरच काही अडवता येतं, आणि फसलेला माणूस नेमका लाजेपोटी गप्प बसतो. तुमच्या बातमीत त्याला 'लोभापायी' वगैरे म्हटलं की बाकीचे अजूनच गप्प बसतात, ते कृपया टाळा. शिवाय एकदा फसलेल्यांना नंतर 'तुमचे पैसे परत मिळवून देतो, आधी फी भरा' असे फोन येतात, त्याबद्दल तर फारसं कुठे छापूनच येत नाही, तेही त्या चौकटीत यायला हवं.

आपला,
एक नियमित वाचक