उपग्रहाला मासा दिसत नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

समुद्रावर नजर ठेवणाऱ्या उपग्रहाची बातमी आली की मथळा ठरलेला असतो: 'आता उपग्रह सांगणार मासे कुठे'. सोबत उड्डाणाचे छायाचित्र आणि शेवटच्या ओळीत 'मच्छीमारांना मोठा दिलासा'. हर्णैपासून मालवणपर्यंत आपला अंक जेटीवरच्या टपरीत हातोहात फिरतो. तिथला तांडेल (नौकेचा प्रमुख) हा मथळा वाचून एकतर हसतो, नाहीतर त्यावर विसंबून डिझेल जाळतो, रिकामा परततो आणि 'सगळ्या थापा' म्हणून मोकळा होतो. शास्त्रात खोट नाही. बातमीत जे छापायला हवे तेच नेमके गाळले जाते.

२६ नोव्हेंबर २०२२ रोजी इस्रोच्या पीएसएलव्ही-सी५४ रॉकेटने सोडलेला ओशनसॅट-३ (कागदोपत्री ईओएस-०६) सुमारे ७४० किमी उंचीवरून फिरतो. त्यावरचा रंगमापक कॅमेरा प्रकाशाच्या १३ पट्ट्यांत मोजमाप करतो. २००९च्या ओशनसॅट-२वर ८ पट्टे होते. चित्रातला एक ठिपका म्हणजे पाण्यावरचा ३६० मीटरचा चौकोन. त्यात नांगरलेल्या नौकांची अख्खी रांग मावते, तिथे बांगडा काय दिसणार!

उपग्रहाला दिसतो तो पाण्याचा रंग. वनस्पती-प्लवंगातले (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींतले) हरितद्रव्य निळा प्रकाश शोषते, हिरवा बराचसा परत जाऊ देते. या दोहोंच्या गुणोत्तरावरून घनमीटरमागे किती मिलिग्रॅम हरितद्रव्य आहे ते काढतात. गोम अशी की कॅमेऱ्यात शिरणाऱ्या प्रकाशातला जेमतेम दहावा हिस्सा पाण्यातून आलेला असतो, बाकीचा हवेतून विखुरलेला. तो वजा करताना धुरकट हवा, धूळ, पाण्यावरची सूर्याची चकाकी हे सगळे आडवे येते. चकाकी टाळायला कॅमेरा कलता ठेवावा लागतो.

दुसरे मोजमाप तापमानाचे. ते अवरक्त किरणांवरून काढतात आणि ते पाण्याच्या अगदी वरच्या सायीचे असते, मिलिमीटरचाही अंश. वारा पडलेल्या दुपारी ही साय खालच्या पाण्यापेक्षा अंशभर किंवा जास्तच तापते आणि प्रत्यक्षात नसलेला 'गरम पट्टा' चित्रात उमटतो. वारा सुटला की पाणी घुसळते आणि पट्टा गायब. ढग असले तर रंग आणि तापमान, दोन्ही मोजमापे बंद.

रंग आणि तापमान या दोन्हींच्या सीमा जिथे एकमेकींवर येतात तो पट्टा हैदराबादची इन्कॉइस ही समुद्राची माहिती पुरवणारी सरकारी संस्था 'संभाव्य मासेमारी क्षेत्र' म्हणून जाहीर करते. यातला 'संभाव्य' हा शब्द मथळ्यातून पहिल्यांदा उडतो. हिरवे पाणी म्हणजे चारा, मासा नव्हे. चाऱ्यावर प्राणी-प्लवंग (तरंगते सूक्ष्म प्राणी), त्यावर लहान मासळी, तिच्यामागे सुरमई आणि कुपा (ट्यूना), ही साखळी जुळायला दिवस जातात. तारलीसारखी मासळी थेट प्लवंगावर चरते म्हणून तिथे लवकर सापडते. त्यामुळे ही माहिती पाण्याच्या वरच्या थरात थव्याने हिंडणाऱ्या मासळीसाठी, म्हणजे तारली, बांगडा, सुरमई, कुपा यांच्यासाठी उपयोगाची. तळाची कोळंबी ओढणाऱ्या ट्रॉलरला तिचा फारसा फायदा नाही. डोलीवाल्याला (डोल म्हणजे एका जागी बांधलेले पिशवीसारखे जाळे) तर जाळे भरतीओहोटीच्या ओढीवर लावायचे असते. त्याने उधाण-भांगाचा (मोठ्या-लहान भरतीचा) हिशेब सोडून या आकड्यांकडे बघण्यात अर्थ नाही.

शिवाय प्रत्येक हिरवळ खाण्याजोगी नसते. हिवाळ्यात अरबी समुद्राच्या उत्तर भागात नॉक्टिल्युका नावाचा सूक्ष्मजीव मैलोगणती पसरतो. आपल्या किनाऱ्यावर रात्री लाटा निळ्या चमकल्या की फोटो छापून येतात, त्या चमकण्यामागे बहुतेक वेळा हाच असतो. तो उपग्रहाला भरपूर हरितद्रव्य दाखवतो, पण त्यावर चरतात ते मुख्यतः जेलीफिशसारखे जीव. किनाऱ्यालगतचे दुसरे दुखणे म्हणजे गाळ. वाशिष्ठी, शास्त्री, काजळी यांच्या मुखांशी गढूळ पाण्याचा रंग हरितद्रव्याच्या गणितात मिसळतो आणि आकडा फुगतो. खाडीच्या तोंडाशी दिसणाऱ्या हिरव्या डागावर म्हणूनच भरवसा ठेवू नये.

आता मुख्य तक्रार. इन्कॉइस ही क्षेत्रे सल्ला म्हणून कळवते, त्या सल्ल्याच्या तक्त्यात बंदराचे नाव, दिशा, अंशांतला रोख, अंतर, खोली, अक्षांश आणि रेखांश असतात. बातमीत मात्र 'रत्नागिरीसमोर ४५ ते ५० अंतरावर' एवढेच येते. ४५ काय? तक्त्यात अंतर किलोमीटरमध्ये असते आणि नौकेवरचा जीपीएस बहुधा सागरी मैल दाखवतो. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किमी, म्हणजे ४५ किमी हे २४.३ सागरी मैल. तेच ४५ मैल धरले तर नौका ८३ किमीवर पोचते, ३८ किमी फुकट. सात नॉटच्या चालीने, म्हणजे ताशी १३ किमीने, हा जादा प्रवास तीन तासांचा होतो. १०० अश्वशक्तीचे इंजिन पाऊण जोरावर तासाला साधारण १५ लिटर पिते, म्हणजे जाऊन-येऊन जवळपास ९० लिटर डिझेल एका गाळलेल्या एककापायी गेले. खोलीचेही तेच. तक्ता मीटरमध्ये बोलतो, खलाशी वावांत मोजतो. ४५ ते ५० मीटर म्हणजे सुमारे २५ ते २७ वाव.

सगळ्यात महाग पडते ती अक्षांश-रेखांशाची चूक. समजा तक्त्यात १६ अंश ५५ मिनिटे ४० सेकंद उत्तर आणि ७२ अंश ५१ मिनिटे ५० सेकंद पूर्व असे दिले आहे. जीपीएस जर 'अंश आणि दशांश मिनिटे' या पद्धतीवर असेल आणि कोणी ५५.४० व ५१.५० असे टाकले, तर नौका पाऊण किलोमीटर चुकते. ४० सेकंद म्हणजे ०.४० मिनिट नव्हे, ०.६६७ मिनिट, सेकंदांना ६०ने भागावे लागते. एवढ्या चुकीने फारसे बिघडत नाही, पट्टाच मुळी काही किलोमीटर रुंद असतो. पण यंत्र 'दशांश अंश' पद्धतीवर असेल आणि तेच आकडे १६.५५४० व ७२.५१५० असे दाबले, तर रत्नागिरीहून निघालेली नौका विजयदुर्गासमोर, किनाऱ्यापासून ८५ किमीहून दूर, जवळजवळ अंग्रिया बँकेच्या (खोल समुद्रातल्या उथळ प्रवाळ पठाराच्या) वाटेला लागते. खरा आकडा १६.९२७८ व ७२.८६३९ होता. उपाय दोन मिनिटांचा. सेटिंगमध्ये 'पोझिशन फॉरमॅट' शोधायचा, अंश-मिनिटे-सेकंदांवर ठेवायचा आणि धक्क्यावर उभे असतानाच बिंदू भरून बंदरापासूनचे अंतर ताडून पाहायचे. तक्त्यातल्या अंतराशी ते जुळले नाही तर दोर सोडू नये.

तक्त्यातला बिंदू हा खांब नव्हे, हेही सांगायला हवे. चित्र दुपारच्या सुमाराचे, सल्ला त्यानंतरचा. पहाटे तीनला सुटलेली नौका सातला तिथे पोचते तेव्हा चित्र १९ तासांचे शिळे झालेले असते. पाव नॉटचा प्रवाह एका दिशेने राहिला तरी तेवढ्यात पट्टा नऊएक किलोमीटर सरकतो. म्हणून बिंदूवर जाऊन सरळ जाळे टाकण्यापेक्षा दोनतीन मैल आधीपासून पट्टा आडवा कापत जावे आणि पाण्याचे तापमान बघत राहावे. थोड्या अंतरात अर्धा-एक अंशाचा फरक पडला, पाण्याचा रंग बदलला, फेसाची किंवा तरंगत्या कचऱ्याची रेघ दिसली, वर पक्षी घिरट्या घालताना दिसले, की फिश फाइंडरकडे (ध्वनिलहरींनी पाण्याखालचे थवे दाखवणाऱ्या यंत्राकडे) लक्ष द्यायचे. तापमानाचा सेन्सर इंजिनाचे थंडाईचे पाणी बाहेर पडते त्याच्या मागे बसवला असेल तर तो कायम गरमच दाखवणार. सेन्सर नसेल तर नाळीकडून (नौकेच्या पुढच्या टोकाकडून) बादलीने पाणी काढून सावलीत लगेच थर्मामीटर बुडवावा. बादली वाऱ्यात ठेवली की बाष्पीभवनाने पाणी थंड होते आणि नसलेली सीमा 'सापडते'.

बातम्यांत आणखी एक खिचडी हटकून असते. ओशनसॅट पाण्याचा रंग आणि तापमान सांगतो. 'नाविक' ही भारताची जीपीएससारखी उपग्रहप्रणाली तुम्ही कुठे आहात ते सांगते, त्याचा माशांशी संबंध नाही. मत्स्य संपदा योजनेतून एक लाख नौकांवर बसवायचे ठरलेले ट्रान्सपाँडर (उपग्रहामार्फत संपर्क ठेवणारी यंत्रे) निरोप आणि नौकेचा ठावठिकाणा नेतात-आणतात. मोबाईलची रेंज गेल्यावर सल्ला किंवा वादळाचा इशारा पोचतो तो त्यांच्यामुळे. तिन्ही कामे वेगळी, उपग्रह वेगळे. ट्रान्सपाँडर बसवला म्हणून मासा सापडणार, असे वाचकाला वाटायला नको. (सल्ला सगळ्यांना एकाच वेळी मिळतो हे खरे, पण पट्ट्यावर आधी पोचणार ते मोठ्या इंजिनाचे पर्ससीनच (थव्याभोवती जाळे वेढून मासे धरणाऱ्या नौका). बिगरयांत्रिक होडीला ४५ किमीवरच्या मासळीचे काय कौतुक! हा प्रश्न उपग्रह सोडवणार नाही, आणि बातमीतला 'दिलासा' नेमका कोणाला, हे वार्ताहराने एकदा विचारावे.)

तेव्हा विनंती अशी की भरती-ओहोटीच्या वेळा छापता त्या रकान्याखाली, मासेमारीच्या हंगामात, सल्ला एका ओळीत छापावा: चित्राची तारीख, बंदर, रोख, अंतर 'किमी' लिहून, खोली 'मीटर' लिहून, आणि अक्षांश-रेखांश अंश-मिनिटे-सेकंदांची चिन्हे न गाळता. आमच्याकडच्या मागच्या छापील आकड्यांत ती चिन्हे टाईप जुळवताना टिंबे होऊन गेली होती, आणि दशांश अंशाचा घोटाळा तिथूनच सुरू होतो. ढगांमुळे सल्ला निघालाच नाही तर 'आज सल्ला नाही' असे छापावे. कालचा पुन्हा देऊ नये. १ जून ते ३१ जुलै बंदी असल्याने रकाना तसाही रिकामाच राहील, तेवढ्या दिवसांत एककांचा आणि सेटिंगचा तक्ता एकदा ठळक छापता येईल. तो कापून केबिनमध्ये डकवता येईल एवढा मोठा असावा.

आपला,
एक वाचक
हर्णै, ता. दापोली