टाइम ऑफिसच्या खिडकीतल्या वहीबद्दल आभार

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

हे पत्र नाशिकच्या सिडकोत तुमच्या घरी आणूनही देता आलं असतं. पण सातपूर, अंबड, सिन्नरच्या कारखान्यांत माझ्यासारखे पुष्कळ जण एचआरमध्ये बसून दर तिमाहीला कंपनीच्या न्यूजलेटरची पानं लावत असतात. तुम्ही मला जे दिलंत ते त्यांच्याही कामाचं आहे, म्हणून सगळ्यांसमोर आभार मानते.

न्यूजलेटर माझ्याकडे आलं तेव्हा मजकूर कमी नव्हताच. एमडींचा संदेश, नव्या मशीनची पूजा, आयएसओ ऑडिट, वृक्षारोपण, क्रिकेटचे सामने, वाढदिवस, सगळं आपोआप टेबलावर येऊन पडायचं. यातलं घ्यायचं काय आणि कशाला किती जागा द्यायची, हे कशावरून ठरवायचं ते मात्र कळत नव्हतं. तुम्ही तेव्हा टाइम ऑफिसातून, म्हणजे हजेरी-रजेच्या नोंदी ठेवणाऱ्या खात्यातून, निवृत्त झाला होतात, ग्रॅच्युइटीच्या कागदांसाठी ऑफिसात आला होतात. माझं बोलणं ऐकलंत आणि दुसऱ्या दिवशी एक जाडजूड वही घेऊन आलात. टाइम ऑफिसच्या खिडकीशी येऊन लोकांनी जे जे विचारलं ते तुम्ही वर्षानुवर्षं तिच्यात टिपलं होतं. तारीख, खातं आणि प्रश्न. विचारणाऱ्याचं नाव एकाही पानावर नाही. "ताई, जो प्रश्न पुन्हा पुन्हा दिसेल त्याला आधी जागा द्या," एवढंच म्हणालात.

सगळ्यात जास्त पानं पीएफच्या प्रश्नांची होती, त्यामुळे पहिला मोठा लेख त्यावरच केला. लग्नानंतर पीएफचं नामनिर्देशन नव्याने करावं लागतं, हे प्रेस शॉपमधल्या, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या मशीनच्या खात्यातल्या, कितीतरी पोरांना माहीत नव्हतं. कागदावर अजून आईचंच नाव होतं. पीएफसोबत ईडीएलआयचा विमा असतो, नोकरीत असताना सभासदाचा मृत्यू झाला तर वारसाला ७ लाख रुपयांपर्यंत रक्कम मिळू शकते आणि त्यासाठी कामगाराच्या पगारातून एक पैसाही कापला जात नाही, हे तर सुपरवायझर मंडळींनाही नवीन होतं. तुम्ही मला बजावलं होतंत की हा लेख कामगारापेक्षा त्याच्या घरच्यांसाठी लिहा, कारण वेळ आली तर कागद तेच शोधणार आहेत. म्हणून तो मधल्या पानांवर घेतला, अंकातून सुटा काढून कपाटात ठेवता येईल असा. सेकंड शिफ्टची माणसं आधार कार्ड घेऊन ई-नॉमिनेशन करायला आली, तेव्हा न्यूजलेटर कशासाठी असतं हे मला पहिल्यांदा नीट उमगलं.

ईएसआयचंही तसंच. हा कामगारांचा आरोग्य विमा, ठरावीक पगारापर्यंतच मिळणारा. पगारवाढीचा करार झाला की "२१ हजारांच्या वर गेलो, आता कार्ड बंद का?" हा प्रश्न तुमच्या वहीत दर करारानंतर उगवलेला दिसतो. वाढ मध्येच झाली तरी वर्गणीचा कालावधी संपेपर्यंत, म्हणजे ३० सप्टेंबर किंवा ३१ मार्चपर्यंत, कपात आणि संरक्षण दोन्ही चालू राहतात. चार ओळींचा मजकूर. पण घरात कुणाचे उपचार चालू असतील, सातपूरच्या ईएसआय रुग्णालयात फेऱ्या असतील, तर त्या चार ओळी एमडींच्या संदेशाआधी वाचल्या जातात. त्यांचा संदेश मी पहिल्या पानाच्या खालच्या अर्ध्यात आणला, तो तुमच्या पाठिंब्याने. त्यांनीही मोठ्या मनाने तो आटोपता लिहून दिला.

वहीतल्या तारखांनी मला आणखी एक गोष्ट दाखवली. आपला कामगार वर्षभर फक्त कामगार नसतो. दिंडोरी, निफाडकडच्या माणसांचे रजेचे प्रश्न सप्टेंबरच्या शेवटी एकदम वाढतात, कारण पुढे द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी असते; त्यात पाऊस झाला की डाऊनी रोगाच्या भीतीने फवारणीसाठी माणूस बागेतच लागतो. रजेचे नियम, अदलाबदलीची शिफ्ट कशी मागायची, अर्ज कुणाकडे द्यायचा, हे डिसेंबरच्या अंकात छापून काय उपयोग? आता ते छाटणीच्या आधीच्या अंकात येतं. अंकाचं वेळापत्रक कंपनीच्या आर्थिक वर्षावर बांधायचं की माणसांच्या वर्षावर, याचं उत्तर माझ्यापुरतं पक्कं झालं आहे.

४ मार्चच्या राष्ट्रीय सुरक्षा दिनाचं पानही तुम्हीच बदललंत. शपथ गेटवर सगळे म्हणतातच, ती पुन्हा छापून वाचतं कोण? त्याऐवजी थोडक्यात टळलेला एक प्रसंग घ्यायचा. प्रेस मशीनच्या, दोन्ही हातांनी दाबायच्या दोन बटणांपैकी एक कुणी बांधून ठेवलं तर काय होऊ शकतं, ते ज्याच्या समोर घडता घडता राहिलं त्याच्याच तोंडून. नाव नाही, खातं नाही, त्याची परवानगी मात्र हवीच. दोषी शोधल्यासारखा सूर लागला तर पुढच्या वेळी कुणी सांगायला येणार नाही, हे तुमचं म्हणणं मी नव्याने लिहायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

फोटोखाली डावीकडून उजवीकडे प्रत्येकाचं नाव, कंत्राटी असो की कायम. हाही तुमचाच आग्रह. घरी अंक जातो तो त्या एका नावासाठी.

२७ फेब्रुवारीबद्दलही लिहायला हवं. नाशिकमध्ये बसून मराठी भाषा गौरव दिनाला कुसुमाग्रजांचं पान करायचं नाही, हे मला अशक्य वाटत होतं. कविता टाकायची आणि मोकळं व्हायचं, असाच सगळ्यांचा कल होता. तुम्ही विचारलंत, "परवानगी घेतली का?" तात्यासाहेब, म्हणजे कुसुमाग्रज, १९९९ मध्ये गेले, आणि आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतात. मग आपण त्या पानावर १८४० पासून चालत आलेल्या आपल्या सार्वजनिक वाचनालयाची ओळख करून दिली आणि सभासद कसं व्हायचं ते छापलं. कामगारांच्या मुलांना ते पान जास्त उपयोगी पडलं, असं मला मनापासून वाटतं.

काका, आता २०२७ चा सिंहस्थ येतोय. तुमच्या वहीत २०१५ च्या पर्वणीच्या दिवसांची पानं आहेत. कंपनीची बस कुठपर्यंत येणार, थर्ड शिफ्ट सुटल्यावर पंचवटीकडे कसं जायचं, पाहुणे आलेत म्हणून रजा मिळेल का, सगळं त्यात आहे. घाटांची माहिती आणि शोभेचे फोटो सगळीकडे मिळतील. आपल्या अंकात हे प्रश्न आधी घ्यायचे, असं मी ठरवलं आहे. यादी काढून ठेवली आहे. येत्या रविवारी सकाळी घेऊन येते. काय ठेवायचं आणि काय काढायचं, ते लाल पेनने खुणावून द्या. काकूंना माझा नमस्कार सांगा.

तुमची ऋणी,
न्यूजलेटरचं काम पाहणारी तुमची ताई