फर्नेस पुन्हा सुरू करण्याआधी

मा. संपादक,

सा. न. वि. वि.

अमेरिकेत मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांनी बॅगेत काय न्यावे, विमानतळावर काय उत्तरे द्यावीत, औषधांच्या चिठ्ठ्या कुठे ठेवाव्यात, याविषयी मराठी वृत्तपत्रांतून पुष्कळ छापून येते. आम्हीही जाण्याआधी अशी कात्रणे जमवली होती. मात्र ज्या यंत्राच्या भरवशावर तिथला सगळा हिवाळा काढायचा असतो, त्या तळघरातल्या, घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसविषयी एकाही कात्रणात अवाक्षर नव्हते. ते बंद पडल्यावर काय करावे आणि मुख्य म्हणजे काय करू नये, हे आम्हाला प्रसंग ओढवल्यावर कळले. ते इतरांना आधी कळावे, म्हणून हे पत्र.

मी सांगलीच्या एका शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले. गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघे शिकागोजवळच्या एका उपनगरात मुलाकडे होतो. जानेवारीतल्या एका सकाळी मुलगा आणि सून कामावर गेल्यावर दोन तासांनी घरात गारठा जाणवू लागला. घराचे तापमान ठरवणाऱ्या भिंतीवरच्या थर्मोस्टॅटवर ७० अंश फॅरनहाइट ठेवलेले होते, म्हणजे आपले २१ सेल्सिअस. पण आकडा ६३ वर आला होता. बाहेर उणे १८ सेल्सिअस होते आणि रात्रभर वारा सुटलेला होता. जिन्यातून कान दिला तर खालून घुर्रर्र असा आवाज येई, थोडा वेळ चाले आणि बंद पडे. माझ्या यजमानांचा पहिला विचार तुमच्या-माझ्या घरात होतो तोच होता: एकदा बंद करून चालू करू या. मिक्सर, फ्रीज, इन्व्हर्टर सगळ्यांवर आपण हाच उपाय करत आलो आहोत आणि पुष्कळदा तो लागूही पडतो. गॅसवर चालणाऱ्या फर्नेसच्या बाबतीत मात्र हा उपाय किती वेळा आणि किती अंतराने करायचा, याला फार महत्त्व आहे.

ते का, हे समजण्यासाठी फर्नेस कशी पेटते ते थोडक्यात सांगते. थर्मोस्टॅटने उष्णता मागितली की आधी एक छोटा पंखा सुरू होतो आणि धूर बाहेर जाण्याच्या वाटेत खेच निर्माण करतो. ही खेच पुरेशी आहे अशी खात्री दाबावर चालणाऱ्या एका स्विचने दिली, तरच पुढची पायरी येते. मग गॅस पेटवणारा इग्नायटर लालभडक तापतो, त्यानंतर गॅसची झडप उघडते आणि बर्नर पेटतात. ज्योतीत धातूची एक बारीक कांडी असते. ज्योतीतून वीज वाहू शकते या गुणाचा उपयोग करून ही कांडी अँपिअरच्या काही दशलक्षांश भागाएवढ्या प्रवाहावरून ज्योत खरोखर पेटली आहे, हे ओळखते. (हे कळल्यावर मला पुन्हा एकदा वर्गात जाऊन ते मुलांना सांगावेसे वाटले.) काही सेकंदांत ज्योत ओळखली गेली नाही, तर झडप आपोआप मिटते. यंत्र आणखी काही वेळा प्रयत्न करते आणि तरीही जमले नाही तर स्वतःला कुलूप लावून घेते. घरातला मोठा पंखा, ज्याची गरम हवा आपल्याला खोल्यांत जाणवते, तो या सगळ्यानंतर अर्ध्या-एक मिनिटाने सुरू होतो.

म्हणजे फर्नेस गप्प बसली आहे याचा अर्थ बहुतेक वेळा तिची राखणदार यंत्रणा नीट काम करते आहे, असा असतो. मेन स्विच खालीवर करून आपण ते कुलूप दर वेळी उघडत गेलो, तर प्रत्येक प्रयत्नात थोडा न जळलेला गॅस पेटीत सुटू शकतो आणि शेवटच्या प्रयत्नाला ठिणगी मिळाली तर तो एकदम भडकतो. म्हणूनच गॅसच्या उपकरणांवर चिकटवलेल्या सूचनापत्रकात गॅस बंद केल्यावर पाच मिनिटे थांबा, साचलेला गॅस निघून जाऊ द्या आणि वास घेऊन पाहा, असे बजावलेले असते. आमच्या पिढीतल्या माणसांना बटण दाबण्याचे भय नसते, धीर मात्र नसतो. ही पाच मिनिटे त्यामुळेच सर्वांत अवघड जातात.

त्या दिवशी मुलाने मीटिंग सोडून व्हिडिओ कॉलवर आम्हाला पायरीपायरीने नेले. सर्वांत आधी त्याने वास येतो का हे विचारले. नैसर्गिक वायूला स्वतःचा वास नसतो. सडलेल्या अंड्यासारखा जो वास येतो तो मुद्दाम मिसळलेला असतो. १९३७ साली टेक्सासमधल्या न्यू लंडन येथील शाळेत वास नसलेला गॅस साचून स्फोट झाला आणि सुमारे ३०० जण, बहुतेक मुले, दगावली. त्यानंतर तिथे गॅसला वास देणे सक्तीचे झाले. असा वास आला तर पुढचे काहीही करायचे नाही. दिवा लावायचा नाही आणि लागलेला विझवायचाही नाही, कारण ठिणगी दोन्ही वेळा पडू शकते. घरातला फोनही वापरायचा नाही. अंगावर कोट घालून बाहेर पडायचे आणि शेजाऱ्यांकडून गॅस कंपनीला किंवा ९११ या तिथल्या आणीबाणीच्या नंबरला फोन करायचा. हिवाळ्याच्या सुरुवातीला पहिल्यांदा हीटिंग लावल्यावर धूळ जळाल्याचा वास थोडा वेळ येतो. तो वेगळा आणि लवकर जाणारा असतो.

आम्हाला वास येत नव्हता. मग थर्मोस्टॅट ‘हीट’वरच आहे ना, त्याची बॅटरी संपलेली नाही ना, हे पाहिले, कोरा पडदा दिसला तर पुष्कळदा दोन साध्या सेलने काम भागते. वीज-पेटीतला ब्रेकर उडालेला नव्हता. उडालेला असेल तर तो एकदाच वर करावा. पुन्हा उडाला तर हात लावू नये. फर्नेसच्या शेजारी दिव्याच्या बटणासारखाच एक स्विच असतो आणि दिवा समजून तो कोणीतरी बंद केलेला असणे, हे तिथे नेहमी घडते. तो चालूच होता. फर्नेसच्या पुढच्या दारातल्या लहानशा काचेतून एक लाल दिवा लुकलुकताना दिसला. मुलाने लुकलुक मोजायला सांगितले: तीन वेळा, मग विराम, पुन्हा तीन वेळा. या खुणांचा तक्ता दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असतो आणि प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. मुलाने त्याचा फोटो आधीच काढून ठेवला होता, म्हणून लगेच अर्थ लागला: धूर बाहेर जाण्याच्या वाटेत खेच मिळत नाही.

कारण घराबाहेर होते. नव्या पद्धतीच्या फर्नेसचा धूर धुराड्यातून न जाता बाजूच्या भिंतीतून निघणाऱ्या पांढऱ्या प्लास्टिकच्या पाइपमधून जातो आणि जळणासाठीची हवा तशाच दुसऱ्या पाइपमधून आत येते. रात्रीच्या वाऱ्याने तिथे बर्फाचा ढीग साचून दोन्ही पाइपांची तोंडे बुजली होती. आम्ही शेजारच्या गृहस्थांना हाक मारली, कारण बर्फावर घसरून खुबा मोडून घेण्यात शहाणपण नव्हते. त्यांनी हातानेच बर्फ काढून तोंडे मोकळी केली. मग थर्मोस्टॅट बंद, फर्नेसचा स्विच बंद, घड्याळ लावून पाच मिनिटे, पुन्हा स्विच चालू आणि शेवटी थर्मोस्टॅट. छोटा पंखा घुरघुरला, काचेपलीकडे नारिंगी उजेड दिसला, टक् असा आवाज झाला आणि निळ्या ज्योतींची रांग एकामागोमाग पेटत गेली. तरीही दुसऱ्या दिवशी मुलाने तंत्रज्ञाला बोलावून तपासणी करून घेतलीच. त्याने फिल्टर बाहेर काढला तेव्हा तो गोधडीच्या आतल्या कापसासारखा करडा झाला होता. फिल्टर कोंदला की हवा फिरत नाही, आतला भाग तापतो आणि यंत्र त्याही कारणाने बंद पडते. फिल्टर बदलल्यावर फर्नेसचे दार नीट बसले नाही, तर दारामागचा लहान स्विच दाबला जात नाही आणि सगळेच थंड राहते, हेही त्यानेच सांगितले.

हा एक प्रयत्न झाल्यावरही यंत्र पुन्हा थांबले, तर आपले काम संपले असे समजावे. काही फर्नेसमध्ये ज्वाळा पेटीबाहेर आल्यास उडणारा एक स्विच असतो आणि तो हाताने दाबून पूर्ववत करता येतो. पण तो का उडाला हे तंत्रज्ञाने पाहिल्याशिवाय त्याला हात लावू नये. ईशान्येकडच्या मॅसॅच्युसेट्स, कनेटिकट अशा राज्यांतल्या जुन्या घरांत तेलावर चालणारी यंत्रणा असते. तिच्यावर लाल बटण असते आणि ते अगदी दाबावेसे वाटते. ते एकदाच दाबायचे. दर दाबण्यागणिक न जळलेले तेल आत फवारले जाते आणि मग ते पेटले की काजळी घरभर उडते, क्वचित त्याहून वाईटही होते. पायलट ज्योत, म्हणजे सतत जळणारी लहान ज्योत, असलेल्या जुन्या फर्नेसमध्ये गॅसची कळ हातानेच फिरवायची, पकड किंवा पाना लावून नव्हे. ती हाताने फिरत नसेल तर माणूस बोलवायचा.

वास येणाऱ्या गॅसपेक्षा मला जास्त धास्ती वाटते ती कार्बन मोनॉक्साइडची. बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरमुळे बेशुद्ध पडल्याच्या किंवा जीव गेल्याच्या बातम्या आपण महाराष्ट्रात दर हिवाळ्यात वाचतो. तोच हा वायू. त्याला रंग नाही, वास नाही, आणि डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे ही लक्षणे आपण प्रवासाचा शीण किंवा पित्त म्हणून सोडून देतो. आगीशी संबंध नसलेल्या अशा अपघाती विषबाधेने अमेरिकेत दरवर्षी ४०० हून अधिक माणसे मरतात, असे तिथले आरोग्य खाते सांगते. त्यासाठी घरात इशारा देणारे यंत्र असते. आपल्या लोकांचे त्याच्याशी वागणे पाहण्यासारखे आहे. फोडणी दिली की धुराचा अलार्म बोंबलतो म्हणून त्याचा सेल काढून ठेवला जातो आणि त्याच्याच शेजारचे, भिंतीच्या सॉकेटमध्ये खोचलेले कार्बन मोनॉक्साइडचे यंत्र फोनचा चार्जर लावण्यासाठी उपटले जाते. आमच्याकडून हे दोन्ही झाले होते, हे कबूल करते. मधूनच एखादी टिक् ऐकू आली तर सेल संपत आला आहे. पण लागोपाठ चार कर्कश शिट्या, विराम आणि पुन्हा चार, असे ऐकू आले तर फर्नेसजवळ न जाता थेट बाहेर पडावे आणि ९११ ला फोन करावा.

तंत्रज्ञ येईपर्यंतचे काही तास काढण्यातही चुका होतात. २०२१ च्या फेब्रुवारीत टेक्सासमध्ये थंडीच्या लाटेत वीज गेली, तेव्हा लोकांनी गॅरेजमध्ये मोटार चालू ठेवली, घरात कोळसे पेटवले, आणि त्यातून कित्येकांना विषबाधा झाली. (फर्नेस गॅसची असली तरी तिचे पंखे विजेवर चालतात; वीज गेली की तीही थांबते.) तेव्हा गॅसचा ओव्हन उघडा ठेवून ऊब घेणे किंवा सिगडी आणणे, हे मनातही आणू नये. विजेचा छोटा हीटर चालतो, पण तो पांघरुणापासून आणि पडद्यापासून तीन फूट दूर, थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावावा, एक्स्टेंशनवर नाही. एका हीटरला १,५०० वॅट लागतात आणि १२० व्होल्टच्या १५ अँपिअरच्या वाहिनीवर सारे मिळून १,८०० वॅटच मावतात, म्हणजे दुसरा हीटर लावला की ब्रेकर उडणारच. सगळ्यांनी एका खोलीत बसावे आणि नळ गोठून पाइप फुटू नयेत म्हणून बाहेरच्या भिंतीलगतचे नळ बारीक धारेने सोडून ठेवावेत.

या निमित्ताने एक तक्रार आपल्या मुलांविषयीही करायची आहे. ‘आई, त्याला हात लावू नकोस’ एवढे सांगून ती कामावर जातात आणि वाटते की काळजी घेतली. हात लावायचा नसेल तर नेमके कशाला, आणि कुणाला फोन करायचा, हे सांगणारे कोणी नसते. म्हणून आमच्यासारखी माणसे तळघरात फर्नेसला चिकटून दोरी बांधतात आणि साड्या वाळत घालतात, रिकाम्या बॅगा तिथेच रचतात आणि गरम हवा पायाला लागते म्हणून जमिनीवरच्या जाळ्या सतरंजीने झाकतात. हे मी ऐकीव सांगत नाही. आईवडील आल्यानंतर पहिल्या शनिवारी त्यांना तळघरात नेऊन स्विच, ब्रेकर, लुकलुकणारा दिवा, पाण्याचा मुख्य नळ आणि बाहेरचे पाइप दाखवायला अर्धा तासही लागत नाही. तिथली महाराष्ट्र मंडळे दिवाळीचे कार्यक्रम फार हौसेने करतात. हिवाळ्याच्या तोंडावरच येणाऱ्या त्याच कार्यक्रमात एखाद्या जाणकाराकडून हे दहा मिनिटांत सांगून घेता येईल.

परत येण्याआधी मी एका पुठ्ठ्यावर ठळक मराठी अक्षरांत या पायऱ्या लिहिल्या आणि गॅस कंपनीचा व तंत्रज्ञाचा फोन नंबर खाली घातला. मुलाने तो पुठ्ठा फर्नेसवर न लावता, मी सांगितल्याप्रमाणे, तळघराच्या जिन्याच्या वरच्या दारावर लावला आहे, म्हणजे खाली उतरण्याआधीच तो वाचला जाईल. येत्या नोव्हेंबरात आमचे व्याही तिथे राहायला जाणार आहेत आणि विहीणबाईंनी त्याचा फोटो माझ्याकडून आताच मागून घेतला आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, सांगली