गेममधल्या हिमनदीवर गोटे टाका

महोदय,

गेम बनवणाऱ्या नागपूरच्या मुलांवरचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. माझा नातूही त्यातलाच. विमान उडवायच्या एका गेमसाठी तो हिमालयाचे देखावे तयार करतो. परवा भर दुपारी कूलरसमोर बसवून त्याने मला गंगोत्री हिमनदीवरून फिरवून आणले.

मी सरकारी भूगर्भ खात्यात नकाशे काढण्यात हयात घालवली. १९८७ च्या सप्टेंबरात गोमुखाच्या वर अठरा दिवस तंबूत काढले. तरी पडद्यावरची जागा मला ओळखू येईना. सुमारे ३० किलोमीटरची हिमनदी वरपासून खालपर्यंत ताज्या चुन्यासारखी पांढरी, आणि तिच्यातून निघणारी भागीरथी पोहण्याच्या तलावासारखी निळी!

गोमुखाच्या वर गेलो तेव्हा आपण हिमनदीवर चढलो हे आधी कळलेच नव्हते. नुसते गोटे, सुपारीएवढ्यापासून मेटाडोरएवढे. एखादा पायाखालून लवंडला की काळपट बर्फ दिसे. कान दिला तर आत पाणी वाजे. ते पाणी राखेच्या रंगाचे, कारण बर्फाने दळलेल्या खडकाचे पीठ त्यात असते. आमचा स्वयंपाकी ते रात्रभर बादलीत निवळत ठेवायचा. सकाळी तळाशी बोटभर गाळ.

नातवाला म्हटले, खालच्या टप्प्यावर दगड टाक. तर म्हणतो, "आबाजी, गोटे टाकले तर लोकं म्हनतील, हिमनदी कुठं गेली?"

म्हणू देत की! दगडांचा थर पातळ असला तर तो तापून खालचा बर्फ लवकर वितळवतो. हातभर जाड असला तर गोधडीसारखा बर्फ राखतो. म्हणून तिथे खड्डे, डबकी आणि बर्फाचे उघडे कडे असतात. एखादा धोंडा तर आपल्याच सावलीत राहिलेल्या बर्फाच्या खांबावर टेबलासारखा उभा असतो. भेगाही मीठ भुरभुरावे तशा कुठेही टाकायच्या नाहीत. तळाचा उतार एकदम वाढतो तिथे बर्फ ताणून फाटतो. दोन हिमनद्या मिळाल्या की त्यांच्या काठांवरचे दगड एक होऊन मधोमध काळा पट्टा उतरतो. उंचीचा नकाशा मुलांकडे असतोच. बर्फाच्या पाठीचा उतार त्यातून काढता येतो, आणि तळाचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

बर्फ कसा घासतो हे पाहायला हिमालयच गाठावा लागतो असे नाही. चंद्रपूरजवळ इरई गावापाशी, पैनगंगेच्या पात्रातल्या चुनखडीवर, सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीच्या बर्फाने ओढलेल्या ओरखड्यांची नोंद इंग्रजांच्या काळापासून आहे. पात्रातले पाणी उतरले की दिवाळीनंतर नातवाला तिकडे नेणार आहे. लेखातल्या मुलांपैकी कोणाला यायचे असेल तर गाडीत दोन जागा आहेत.

— एक निवृत्त नकाशाकार, प्रतापनगर, नागपूर