मनू, आधी पोटात काहीतरी घाल

मनू,

काल तू फोन ठेवलास तेव्हा आई म्हणाली आता दोन दिवस तिला फोन करू नका, परीक्षेचं टेन्शन आहे पोरीला. फोन नाहीच करत, लिहितोय फक्त. तुला लॅबमध्ये चक्कर आली हे पूर्वाच्या आईकडून कळलं त्याचा राग नाही धरलेला. म्हणजे धरलाय, पण ते राहू दे. "बाबा, जेवलीस का याच्यापुढे तुम्हाला प्रश्नच नाही का" असं तू म्हणालीस ना, म्हणून ठरवलंय की या पत्रात नाश्त्याचा विषय काढायचा नाही.

मागे तू टीसीएमच्या, म्हणजे पारंपरिक चिनी वैद्यकाच्या, पेपरच्या नोट्स पाठवल्या होत्यास, गंमत म्हणून, त्या काल रात्री बसून वाचल्या. तुमच्या त्या म्हाताऱ्या मॅडमनी तुझीच जीभ सगळ्या वर्गाला दाखवली, कडेला दातांचे ठसे, वर पांढरा थर, आणि म्हणाल्या पी, म्हणजे प्लीहा, कमजोर आहे, अंगात ओल साठलीय. तू हसत सांगितलं होतंस. मला नाही हसू आलं. त्यांच्या हिशोबात पोट म्हणजे चुलीवरचं भांडं आणि पी म्हणजे खालचा जाळ. वरून बर्फाचं पाणी ओतलं, कच्चं-थंड, फार गोड, तेलकट खाल्लं की जाळ मंदावतो आणि ओल वाढते. म्हणून तिथे चीनमध्ये जो तो गरम पाण्याचा थर्मास घेऊन फिरतो. आणि आमची मुलगी काय घेते, बर्फ घातलेला बबल टी, तोही अकरा वाजता, उपाशीपोटी.

बघ, आलाच विषय. आता आलाच आहे तर ऐक.

तुझ्याच नोट्समध्ये आहे, सकाळी ७ ते ९ पोटाची वेळ, ९ ते ११ पीची. तू म्हणशील जानेवारीत सातला चेंगदूत काळोख असतो, कोण उठणार. मान्य. पण अख्ख्या चीनला घड्याळ एकच, बीजिंगचं, आणि चेंगदू आहे १०४ अंश रेखांशावर, म्हणजे सूर्य तासभर मागे. मी नकाशा घेऊन हिशोब केला. तुझ्या घड्याळात आठ वाजतात तेव्हा खऱ्या सूर्याने सातच झालेले असतात, म्हणजे पोटाची वेळ तुझ्या घड्याळात दहापर्यंत आहे. आता सांग कारण.

त्यातला तो ली दोंगयुआन वैद्य मला आवडला. १२३२ साली मंगोलांनी काइफंगला वेढा दिला, वेढा उठल्यावर शहरात माणसं पटापट मरायला लागली, आणि बाकीचे वैद्य बाहेरून आलेला आजार समजून औषधं देत होते. हा म्हणाला नाही, महिनोन्‌महिने भीती, जागरण, अवेळी अर्धपोटी खाणं, त्याने आतलं पी-पोटच खचलंय. परीक्षेच्या आधी तुमच्या हॉस्टेलवर दुसरं काय चाललेलं असतं? फार विचार केला की पी बिघडते असंही लिहिलंय, म्हणजे माझी केव्हाच गेली असणार.

सगळंच खरं धरू नकोस हां, तू ॲलोपथी शिकतेयस. आणि कुणी सांगितलं म्हणून मुळ्या-बिळ्या उकळून पिऊ नकोस. त्यांच्याकडे खेकडा थंड, म्हणून आल्याबरोबर खातात, आपल्याकडे कुर्ल्या उष्ण. हिवाळ्यात मुळा आणि उन्हाळ्यात आलं खा, वैद्याची चिठ्ठी लागणार नाही, अशी त्यांची म्हण आहे ती आईला वाचून दाखवली तर ती म्हणाली उन्हाळ्यात आलं खाऊन तोंड आलं की मग बघा. पण एका गोष्टीवर तुमच्या मॅडम आणि तुझी आजी दोघींचं एकमत, सकाळी गरम पातळ काहीतरी पोटात गेलंच पाहिजे. तुमच्या कँटीनमध्ये ते बारीक बाजरीसारख्या दाण्यांचं झोउ मिळतं ना, ती पेजच की गं! तुला तापात आजी उकड्या तांदळाची पेज करायची, खारातली कैरी आणि भाजलेला सुका बांगडा, तू कैरी चोखून पेज मांजराला घालायचीस आणि आजीला वाटायचं मनूने वाटी संपवली. तिला कधीच कळलं नाही. की कळलं होतं कुणास ठाऊक, कारण दुसरी वाटी ती स्वतः बसून भरवायची.

आणि तिथे पहिल्यांदा तो उकळत्या रश्शाचा हॉटपॉट खाल्लास तेव्हा फोन करून ओरडलीस, बाबा ह्यात तिरफळं आहेत! ते त्यांचं हुआजिआओ, तिरफळाचं भावंडच. चेंगदूची हवा दमट, म्हणून तिखट आणि हुआजिआओ खाऊन ओल बाहेर काढायची असं ते लोक मानतात. आपल्याकडे पाऊस काय कमी पडतो? कुडाळ स्टेशनवर तुला सोडताना मी आईला म्हणालो होतो, ही जगाच्या पाठीवर कुठेही राहील. कॉलेजात कुणी विचारलं की अजून छाती फुगवून सांगतो, मुलगी चीनला डॉक्टर होतेय. आणि घरी येऊन फोन बघत बसतो, हिने सकाळी काही खाल्लं असेल का.

परत लेक्चर झालं, सॉरी. तू मोठी झालीस, हाडांची नावं तुला पाठ आहेत, मी कोण सांगणार.

फक्त एक कर. जिभेवरून त्या मॅडमना जे कळलं ते कळलं, पण तू रक्ताची सीबीसी तपासणी करून घे, हिमोग्लोबिन बघ आणि रिपोर्टचा फोटो मला पाठव, आईला नको, ती रात्रभर झोपणार नाही. जास्त भांडायचं असेल तर रविवारी कर फोन.

बाबा

ता.क. थोडे पैसे टाकलेत. पुस्तकांसाठी नाहीत. कँटीनवाल्या मावशींकडे महिन्याचे आगाऊ भरून ठेव, म्हणजे पैसे फुकट जातील म्हणून तरी उठशील.