बाळ्यास पत्र, दाभोळच्या खाडीतून

मुक्काम बोटीवर, दाभोळची खाडी
वैशाख वद्य ३

प्रिय बाळ्या,

होळीला तुझा फोन आला तेव्हा "इथे रेंज नाही रे" म्हणून मी ठेवून दिला. रेंज होती. त्यानंतर तू दोनदा केलास; फोन समोर फळीवर थरथरत होता आणि मी बघत बसलो. डोंबिवलीच्या जागेवरून तू बोललास त्याचा राग धरलाय, असं तुला वाटलं असेल. राग आला होता, आठवड्यात गेला. खरं कारण असं की फोनवर तुझा आवाज येतो, शब्द येत नाहीत. "सात" म्हणालास की "हात", हे मला मागच्यापुढच्यावरून लावावं लागतं, आणि ते लावेपर्यंत तू पुढे निघून गेलेला असतोस. म्हणून पत्र. कागदावर तू मला नीट ऐकू येशील.

तब्येती ठीक. माझी शुगर आटोक्यात, हिची पाठ थंडीत धरली होती ती सुटली.

परवा, प्रतिपदेच्या पहाटे, लघवीला उठलो. साडेपाच झाले असतील. ही तिच्या जागेवर नव्हती. इंजिनाच्या झाकणापाशी खाली बसली होती, तोंडात टॉर्च, मांडीवर वही आणि डावा तळहात फळीवर टेकलेला. तो हात बघितला आणि मला कळलं. खाली बिल्जचा, बोटीच्या तळात साचलेलं पाणी उपसणारा, पंप चालू होता, आणि मला तो ऐकू येत नव्हता. चार फुटांवर उभा होतो मी.

तिने वही मिटली. "हिशेब लिहीत होते," म्हणाली. मी "बरं" म्हणालो आणि जाऊन पडलो. झोप कसली लागतेय.

सकाळी ती होडी घेऊन धोपाव्याला पाणी भरायला गेली. तांदळाच्या डब्यामागे वही सापडली. उघडायला नको होती, पण उघडली. तुला हिचं अक्षर माहीत आहे, हजेरीपटासारखं. चार रकाने आखलेले: तिथी, वेळ, पंप किती वेळा, शेरा. सुरुवात कार्तिकातली. तेव्हा रात्रीत दोनदा, तीनदा. माघात पाच. फाल्गुनी पौर्णिमेला नऊ. आणि शेऱ्याच्या रकान्यात, जवळजवळ प्रत्येक ओळीत, एकच वाक्य: "झोप लागली आहे. उठवलं नाही." काही ठिकाणी नुसतं "उठवलं नाही."

सात महिने, बाळ्या. मी रोज सकाळी विचारायचो, "रात्री चालला का गं पंप?" आणि ती म्हणायची, "एकदोनदा." पहाटेला बॅटरीचे व्होल्ट उतरलेले दिसायचे. १२.२ च्या खाली मी कधी जाऊ देत नाही, तर काटा तिथेच येऊन टेकलेला असायचा. मी म्हणायचो सोलर पॅनेलवर मिठाची पुटं बसलीत, आणि गोड्या पाण्याची अर्धी बादली खर्च करून पॅनेल पुसायचो. गोड्या पाण्याची! जी बाई ताटं आधी खाडीच्या पाण्याने घासून मग तांब्याभर गोड्या पाण्यात विसळते, ती माझ्याकडे बघत उभी असायची आणि काही बोलायची नाही. दिवाळीनंतर तिने आपलं अंथरूण दाराजवळच्या बाकावर नेलं. "इथे वारा लागतो," म्हणाली. त्या बाकाखालीच पंप आहे.

का लपवलं असेल, हे दुसऱ्या कुणाला सांगायचं तर पहिल्यापासून सगळी गोष्ट सांगावी लागेल. तुला नाही. बोट पाण्यात सोडली त्या दिवशी नारळ तूच फोडलास, आणि तुझ्या साक्षीने मी बोललो होतो की ज्या दिवशी ही बोट मला ऐकू येणार नाही, त्या दिवशी मी उतरेन. वहिनी म्हणाल्याही होत्या, शुभ दिवशी असलं काय बोलता. ही तेव्हा काही बोलली नव्हती. आता कळतं की तिने ते वाक्य जपून ठेवलं होतं, आणि मी शब्द पाळेन याची तिला धास्ती होती.

मी समजत होतो, मी तिला बोटीवर आणलं. शाळेतून निवृत्त झालेली बाई, नवऱ्याच्या हौसेपायी ३८ फुटांत राहते, असं मला मनातून वाटायचं आणि टोचायचं. ती वही वाचल्यावर ते सगळं उलटं झालं.

तुला ती जहाजावरची रात्र आठवते का, बंगालच्या उपसागरातली? आपण दोघेही ड्यूटीवर नव्हतो, दोघेही गाढ झोपलेले. जनरेटरचा सूर जरासा उतरला आणि आपण एकाच क्षणी आपापल्या दारातून बाहेर आलो. तू टॉवेलवर, एका पायात बूट. खाली पोचलो तोवर दिवे गेले. आपले सेकंड इंजिनियर, सेकंडसाहेब, म्हणाले होते की इंजिनियर डोळे मिटतो, कान मिटत नाही. त्यांनीच तर शिकवलं, स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर ठेवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची. मी या बोटीवरही तसाच राहिलो. शाफ्ट बाहेर जातो तिथल्या ग्लँडमधून थेंब किती वेगाने पडतोय, टाकी संपत आली की पाण्याच्या पंपाचा आवाज कसा पातळ होतो, दोरी डोलकाठीवर आपटायला लागली म्हणजे वारा फिरला. हे सगळं पडल्यापडल्या कळायचं. कधी कळेनासं झालं तेच कळलं नाही. परवा ही म्हणाली, "पावशा ओरडायला लागला बघ." मी "हो ना" म्हणालो. मला नुसती सकाळ दिसत होती.

काल तिला बॅटरीचे टर्मिनल आणतो सांगून चिपळूणला गेलो आणि कान तपासून आलो. खालचे सूर बऱ्यापैकी शाबूत, आणि ४००० हर्ट्झपाशी आलेख विहिरीत पडल्यासारखा. तपासणाऱ्या मुलीने पहिला प्रश्न केला, "काका, कुठल्या कारखान्यात होतात?" आलेख बघूनच ओळखतात. वर्षानुवर्षं शंभर डेसिबलच्या वरच्या आवाजात उभं राहिलेल्यांचा तिथेच खड्डा पडतो. तू कानात कापसाचे बोळे घालून वर कर्णटोप लावायचास आणि मी तुला नवरीमुलगी म्हणायचो. त्यावरून जेद्दापासून कांडल्यापर्यंत तू माझ्याशी बोलला नव्हतास. कांडल्याच्या पुढच्या प्रकरणात तुझं चुकलंच होतं, ते मी अजूनही सोडणार नाही. पण कापसाच्या बाबतीत तू बरोबर होतास. हे मी तुला चाळीस वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं.

परत आल्यावर एक गोष्ट करून बघितली आणि हातपाय गार पडले. गॅसचा सिलिंडर आम्ही वर डेकवरच ठेवतो, कारण तो गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली बिल्जमध्ये जाऊन साचतो आणि एक ठिणगी पुरते. म्हणून खाली अलार्म बसवलाय, तूच आणून दिलेला. त्याचं बटण दाबलं. लाल टिकली लुकलुकली. कान अगदी जवळ नेला तेव्हा कुठे लांबून काहीतरी चिरचिरल्यासारखं वाटलं. ही बाजाराला गेली असताना तो वाजला असता तर? पंपाचं एक वेळ सोड, पाणी हळूहळू येतं. गॅस थांबत नाही.

आता हिच्या वहीची करामत सांगतो, तुला आवडेल. मी नुसता आकडा वाढतोय एवढंच बघितलं असतं आणि ग्लँडचं पॅकिंग आवळत बसलो असतो. तिने तिथीचा रकाना ठेवला होता! अष्टमीच्या आसपास, भांगाच्या म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या दिवसांत, पंप दोनदा. पौर्णिमा-अमावास्येला आठ-नऊ, आणि तेही पहाटे पाचनंतर. मासेवाल्या मावशींकडून ती हिशेब शिकली आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास, म्हणजे ओहोटी पाच-साडेपाचच्या आसपास. उधाणाची ओहोटी सगळ्यात खोल. गेल्या पावसात इथला गाळ सरकला, आणि त्या दोन-तीन पहाटे आपली बोट चिखलाला टेकते, एका अंगाला कलते. सगळं वजन कीलला, तळाच्या कण्याला, लागून असलेल्या पहिल्या फळीवर येतं, सांध उघडते, भरती चढू लागली की पाणी आत. मार्जिनमध्ये पेन्सिलीने लिहिलंय: "टेकते का? काठीने पाणी मोजावं." आणि खाली, दुसऱ्या दिवशीच्या तारखेला: "मोजलं. टेकते." मोजलं केव्हा, मला पत्ता नाही. तीस वर्षं गणित शिकवलेली बाई आहे. मागे गोवळकोटकडे महिनाभर होतो तेव्हा चिखलातल्या मगरीसुद्धा रोज मोजून लिहायची.

त्या महिन्याचा उपयोग झाला, हेही सांगतो. कोयनेच्या वीजघरातून सुटलेलं पाणी, अवजल, वाशिष्ठीत येतं, त्यामुळे वरच्या अंगाला पाणी बरंच गोडं, आणि लाकूड पोखरणाऱ्या किड्याला गोडं पाणी मानवत नाही. आज सकाळी ओहोटीला दाभोळचा म्हातारा सुतार येऊन चिखलात उतरला, हातोडीने प्रत्येक फळी वाजवून बघितली. "भाऊ, लाकूड खणखणीत हाय. कापूस मेलाय नुसता." म्हणजे सांधीतला तेलात भिजवलेला कापूस कुजलाय. तो काढून नवा ठोकायचा, वर पुट्टी. फळी बदलायची नाही. तो हातोडी मारत होता तेव्हा मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो, कारण लाकडाचा खणखणीतपणा मला त्याच्या चेहऱ्यावरूनच कळणार होता. त्याला पहिल्या फळीपाशीच जा, असं मी सांगितलं. "बरोबर सांगितलंत," म्हणाला. ही वर डेकवर पाणी मारत होती. सकाळ-संध्याकाळ खारं पाणी मारावं लागतं, नाहीतर या उन्हात फळ्या आकसून वरूनही गळायला लागेल. तिने ते ऐकलं असणार. बादली क्षणभर थांबली.

म्हणजे आता मला कळलंय, हे तिला कळलंय, असं मला वाटतं. पण आम्ही दोघेही बोललेलो नाही. रात्री भाकरी, सुकटीची चटणी, आणि गप्पा सगळ्या बाजाराच्या.

चिपळूणहून मी एक लाल दिवा आणलाय आणि ट्रकला लावतात तसला भोंगा. भोंग्याचा सूर खालचा, तो मला येतो, दुकानात वाजवून घेतला. भोंगा गॅसच्या अलार्मला जोडायचा. दिवा पंपाच्या फ्लोट स्विचला जोडून माझ्या उशाशी लावायचा, म्हणजे पंप चालला की डोळ्यांवर उजेड. तासाभराचं काम. पण दिवा लावला म्हणजे वही वाचल्याचं कबूल केलं, आणि मग तो शब्द मध्ये येतो, उतरण्याचा. पिशवी नांगराच्या पेटीत ठेवली आहे आणि काल दुपारपासून मी तिच्याभोवती घिरट्या घालतोय.

तू सांग. तू साक्षीदार आहेस. बोट मला ऐकू येत नाही हे खरं. पण तिला येते. मी बोललो होतो तेव्हा बोटीवर कान एकच आहे असं धरून बोललो होतो. तो शब्द तेवढ्यापुरता होता असं म्हणणं म्हणजे पळवाट काढणं आहे का? दुसऱ्या कुणाचं मत मला नकोय. मुलगा तर वाटच बघतोय आम्ही उतरण्याची.

तुझ्या मुलीला सातवा लागला ना? काळजी घ्यायला सांग. वहिनींचं गुडघ्याचं ऑपरेशन पावसाळ्यानंतरच करा, ओल्या जिन्यावर कुबड्या नकोत. डोंबिवलीच्या जागेबद्दल तू म्हणालास त्यात तथ्य आहे, समोर आल्यावर बोलू.

येत्या अमावास्येला, दुपारच्या मोठ्या भरतीला, बोट वर ओढून घेतोय. १ जूनपासून मासेमारी बंद, मग सगळ्यांच्याच होड्या शाकारायला किनाऱ्यावर गर्दी होते. त्याआधी जागा धरायची आहे. पावसाळाभर बंदरावरची नेहमीची खोली. तू ये. चार दिवस काढून ये. पाण्यातून काढायच्या आधी एकदा इंजिन चालवून बघायचं आहे, आणि शाफ्टच्या बेअरिंगला स्क्रूड्रायव्हर लावून ऐकणारा माणूस मला हवा आहे. हिला मी ते अजून शिकवलेलं नाही. तू शिकव.

तुझा,
भाऊ

ता. क. पत्र पाकिटात घालत होतो तेवढ्यात ही नांगराची पेटी उघडून आली. दिवा हातात. मला बघता यावं म्हणून समोर बसून, सावकाश बोलली, "तू आणलेली वायर कमी पडेल. बाकाखालून तुझ्या उशापर्यंत साडेचार मीटर लागते." तिने कधीच मोजून ठेवलं होतं. तेव्हा येताना मुंबईच्या लोहार चाळीतून पाच मीटर वायर आण, कल्हई केलेल्या तांब्याचीच, साधी इथे वर्षभरात हिरवी पडते. आणि नागदेवीहून ग्लँडचं पॅकिंग. माप वहीत बघून कळवतो.